तबकडी हेच पाठ्यपुस्तक

एखाद्या विषयाला विद्येचा दर्जा केव्हा प्राप्त होतो? सामान्यतः असे मानले जाते की, विषय आधी विद्यापीठात मान्यता पावतो, तेथे त्याचे पंडित निर्माण होतात, आणि मग त्या ज्ञानाचे पाट सामान्य जनांपर्यंत येऊन पोचतात. अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या इतिहासाचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने झाला. तो आधी वाचनालयांच्या अभ्यासमंडळांत आणि दिवसभराचे काम आटोपून आलेल्या प्रौढांच्या सायंवर्गांत शिकवला गेला. विद्यापीठांची दारे त्याच्यासाठी पुरती उघडली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. हे असे का घडले, हे पाहू गेल्यास एका संगीताचीच नव्हे, तर एका समाजाच्या प्रतिष्ठेची कथा समोर येते.

या संगीताचे मूळ गुलामगिरीत आहे. न्यू ऑर्लिन्स शहरातील काँगो चौकात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रविवारी गुलामांचे मेळे जमत आणि आफ्रिकेतून आलेली ढोलवादने व नृत्ये तेथे चालत. शेतावरील श्रमगीते आणि 'स्पिरिच्युअल' नावाची भक्तिगीते यांतून त्या लोकांनी आपले दुःख आणि आपली आशा जिवंत ठेवली. १८७१ साली टेनेसी राज्यातील फिस्क या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांचे एक गायकपथक आपल्या संस्थेसाठी निधी गोळा करण्यास बाहेर पडले आणि त्यांच्या मुखाने ही भक्तिगीते प्रथमच देशोदेशींच्या श्रोत्यांपर्यंत गेली. १८९९ मध्ये स्कॉट जॉप्लिन यांची 'मेपल लीफ रॅग' ही पियानोवरील रचना प्रसिद्ध झाली. १९१२ मध्ये डब्ल्यू. सी. हँडी यांच्या 'मेम्फिस ब्लूज'ने ब्लूज या गीतप्रकाराचे नाव घरोघर नेले. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये या सर्व प्रवाहांच्या संगमातून जे उदयास आले, त्यालाच जग जाझ म्हणून ओळखते.

परंतु या इतिहासाला कागदाचा आधार फार तोकडा होता. ज्या लोकांना लिहिणे-वाचणे शिकू देणे हाच कित्येक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या गाण्याची दप्तरे कोण ठेवणार? बडी बोल्डन या न्यू ऑर्लिन्समधील कॉर्नेटवादकाला त्याचे समकालीन आद्य पुरुषांत गणत. परंतु १९०७ साली तो मनोरुग्णालयात दाखल झाला, १९३१ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला, आणि त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. १९१७ साली जाझची म्हणून जी पहिली तबकडी बाजारात आली, ती गोऱ्या वादकांच्या संचाची होती. ज्यांनी संगीत घडवले त्यांचा आवाज मागे राहिला आणि ज्यांनी ते उचलले त्यांचा आवाज मुद्रित झाला, ही या इतिहासाच्या पहिल्याच पानावरील विसंगती होय.

ही विसंगती दूर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न कृष्णवर्णीय समाजातूनच झाला, आणि तो प्रौढशिक्षणाच्या मार्गाने झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ॲलन लॉक हे हॉवर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९०७ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पदवीधरांच्या मूठभर वर्गापुरते ज्ञान ठेवून आपल्या समाजाचा उद्धार होणार नाही, हे त्यांनी जाणले होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील १३५ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात १९३० नंतरच्या दशकात प्रौढशिक्षणाचा जो प्रयोग चालला, त्याच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. अशा अभ्यासमंडळांच्या उपयोगासाठी त्यांनी लहान लहान पुस्तकांची एक माला संपादित केली. मालेतील पुस्तके लिहिणाऱ्यांत पुढे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे राल्फ बंच होते आणि पुढे त्रिनिदादचे पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्सही होते. या मालेतच १९३६ साली लॉक यांनी स्वतः कृष्णवर्णीयांच्या संगीतावर एक पुस्तक लिहिले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रकरणाच्या अखेरीस चर्चेसाठी प्रश्न, पुढील वाचनाची दिशा आणि ऐकावयाच्या तबकड्यांची नावे दिलेली आहेत. म्हणजे शिक्षक नसला तरी चार माणसांनी एकत्र बसावे, ऐकावे आणि वाद घालावा, अशी ती योजना होती. लॉक यांची सर्व मते पुढील पिढीला पटली असे नाही. जाझने उंच चढून सिंफनीसारख्या अभिजात रूपात विलीन व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. जाझ हे स्वतःच एक पूर्ण रूप आहे, असे नंतरच्या अभ्यासकांना वाटू लागले. परंतु वाद घालण्यासाठी आधी विषय मांडावा लागतो, आणि तो त्यांनी मांडला.

दुसरा प्रवाह निघाला तो न्यूयॉर्कमधीलच 'न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च' या संस्थेतून. या संस्थेचा जन्म १९१९ चा. महायुद्धाच्या काळात कोलंबिया विद्यापीठाने युद्धविरोधी प्राध्यापकांना काढून टाकले, तेव्हा इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी १९१७ मध्ये राजीनामा दिला. पुढे जेम्स हार्वे रॉबिन्सन यांनीही ते विद्यापीठ सोडले. या दोघांनी थॉर्स्टीन व्हेब्लेन, जॉन ड्यूई आदी विद्वानांच्या साहाय्याने प्रौढांसाठी एक मुक्त शाळा उभारली. तेथे आरंभी ना प्रवेशाची अट होती, ना पदवीचे आमिष. मराठी माणसाला यातील दोन नावे परकी वाटू नयेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत असताना ड्यूई व रॉबिन्सन हे दोघेही तेथे अध्यापक होते, आणि लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या लेखनात पुढे ठळकपणे प्रकटला. त्या विचाराचेच एक मूर्त रूप म्हणजे ही शाळा.

शाळेच्या बाराव्या रस्त्यावरील इमारतीत १९३१ साली मेक्सिकोचे चित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को यांनी भिंतींवर चित्रे रंगवली. त्यांत महात्मा गांधी आहेत. आणि विश्वबंधुत्वाच्या मेजाभोवती निरनिराळ्या वंशांची माणसे बसली असून प्रमुख जागी एक कृष्णवर्णीय पुरुष आहे. १९३३ नंतर हिटलरच्या छळातून निसटलेल्या अनेक युरोपीय विद्वानांना याच संस्थेने आश्रय दिला. याच शाळेत संगीतकार हेन्री कॉवेल जगातील नाना लोकांच्या संगीताचे वर्ग घेत. कर्नाटक संगीताचे विद्वान पी. सांबमूर्ती यांच्यापाशी कॉवेल यांनी बर्लिन येथे धडे घेतले होते. अशा वास्तूत जाझला आसन मिळाले, यात नवल ते कोणते?

१९४२ साली तेथे जाझच्या इतिहासाचा वर्ग सुरू झाला. शिकवणारे दोघे होते आणि दोघेही परदेशी. रोबेर गोफँ हे बेल्जियमचे वकील व कवी. त्यांनी १९३२ मध्येच जाझवर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला होता, आणि नाझी आक्रमणानंतर ते अमेरिकेत आश्रयाला आले होते. लेनर्ड फेदर हे लंडनमध्ये जन्मलेले तरुण समीक्षक. घरच्या माणसांना जे नित्याचे म्हणून दिसत नाही, ते पाहुण्याला दिसते. अमेरिकेच्या अंगणातील ठेवा अमेरिकनांना दाखवण्याचे काम या दोन पाहुण्यांनी केले.

असा विषय शिकवावयाचा कशाच्या आधारे? जाझचा प्राण उत्स्फूर्त वादनात आहे. वादक त्याच चालीवर त्याच वाद्यातून दर वेळी नवी रचना करतो. ती स्वरलिपीत पकडता येत नाही. म्हणून या विषयाचे पाठ्यपुस्तक म्हणजे तबकडी. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावे. १९२५ ते १९२८ या वर्षांत लुई आर्मस्ट्राँग यांनी आपल्या छोट्या संचांसह केलेली मुद्रणे ऐकली की, समूहवादनातून एकल कलावंत कसा पुढे आला, हे पानेच्या पाने वाचून जे कळणार नाही ते कानाला कळते. ही मुद्रणे जपून ठेवली होती ती मुख्यत्वे हौशी संग्राहकांनी.

याच वर्षी या पाठ्यपुस्तकावर दुहेरी संकट कोसळले. तबकड्या घडत त्या लाखेपासून, आणि ती लाख येई हिंदुस्थानातून. छोटा नागपूरच्या रानातील पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर जगणाऱ्या किड्यांची ती देणगी. युद्धामुळे सागरी मार्ग धोक्यात आले आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले. पाठोपाठ १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने मोबदल्याच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. मोठ्या कंपन्यांशी तडजोड पूर्ण होण्यास १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. त्याच मधल्या काळात हार्लेममधील तरुण वादक 'बीबॉप' ही नवी शैली घडवीत होते, आणि तिच्या बाल्यावस्थेचे मुद्रण फारच थोडे झाले. बोल्डनच्या पानासारखे हेही एक पान बरेचसे कोरे राहिले.

या उणिवांची जाणीव ज्याला सर्वांत तीव्रतेने झाली, तो गृहस्थ व्यवसायाने चॉसरसारख्या मध्ययुगीन इंग्रजी कवींचा अभ्यासक होता. मार्शल स्टर्न्स यांनी जुन्या हस्तलिखितांना लावावयाची शिस्त तबकड्यांना लावली. १९५० मध्ये त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात जाझवर वर्ग घेतला; मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स येथे उन्हाळ्यात वादक, लोकगायक आणि विद्वान यांना एकत्र बसवून चर्चासत्रे घडवली. १९५२ साली त्यांनी आपल्या राहत्या घरीच जाझच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली आणि १९५६ मध्ये जाझचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिझी गिलेस्पी यांचा वाद्यवृंद अमेरिकन सरकारच्या वतीने कराची, ढाका, बैरूत, अथेन्स अशा शहरी गेला, तेव्हा व्याख्याते म्हणून स्टर्न्स बरोबर होते. १९६६ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, त्यांचा संग्रह रटगर्स विद्यापीठाकडे गेला. घरातील संग्रह अखेर विद्यापीठात पोचला.

तथापि एक प्रश्न उरतोच. गोफँ, फेदर, स्टर्न्स हे सारे गोरे. ज्यांचे संगीत, ते वर्ण्य विषय; आणि ज्यांची लेखणी, ते परके. ही टोचणी १९६३ साली लिरॉय जोन्स यांनी 'ब्लूज पीपल' या ग्रंथात उघड बोलून दाखवली. आपल्या लोकांच्या संगीताचा इतिहास हा आपल्या लोकांच्या अमेरिकेतील स्थितीचाच इतिहास होय, असा त्यांचा पक्ष होता. १९७१ मध्ये आयलीन सदर्न या कृष्णवर्णीय विदुषीने त्या संगीताचा सुसंगत, साधार इतिहास लिहिला. लॉक यांच्या छोट्या पुस्तकाने पेरलेले बी पस्तीस वर्षांनी असे फळले. खुद्द न्यू स्कूलनेही १९८६ मध्ये जाझचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. दूर देशीच्या दास्याचे आणि घरच्या दास्याचे नाते त्यांनी ओळखले होते, आणि शिक्षणावाचून बेडी तुटत नाही हेही. कायद्याने बेडी तोडली तरी माणसाच्या निर्मितीला मान मिळण्यास वेगळेच श्रम लागतात. अमेरिकेत ते श्रम वाचनालयातील चार खुर्च्यांभोवती आणि ग्रामोफोनच्या सुईखाली झाले. तेथे जमलेल्या प्रौढांना परीक्षा द्यावयाची नव्हती की नोकरी मिळवावयाची नव्हती. जे संगीत त्यांनी नाचघरात ऐकून सोडून दिले होते, ते त्यांनी प्रथमच नीट बसून ऐकले; आणि नीट ऐकणे हीच इतिहासाच्या न्यायाची पहिली पायरी ठरली.