युद्धकालीन वादग्रस्त वृत्तांची विश्वसनीयता : १९४४ चा मुंबई गोदी स्फोट आणि कल्याण कॅम्प परिसर

प्रस्तावना

युद्धकाळातील वृत्तांचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना अभ्यासकापुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. स्वपक्षाचे सरकार नियंत्रण घालते, शत्रुपक्ष प्रचार करतो आणि या दोहोंमधील पोकळी अफवा भरून काढतात. अशा वेळी 'सरकारी ते खरे, शत्रूचे ते खोटे' किंवा याच्या नेमका उलट असा सोपा निकष लावण्याचा मोह होतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटांच्या आधारे या निकषाची मर्यादा दाखविणे आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील मौखिक साक्षींच्या संदर्भात पर्यायी निकषांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटना आणि अधिकृत मौन

'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईस पोहोचले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. कराचीस त्यात कापसाच्या गाठी व तेलाची पिंपे यांची भर पडली होती. १४ एप्रिलच्या दुपारी जहाजास आग लागल्याचे लक्षात आले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा महास्फोट झाला. गोदी व लगतच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

एवढी मोठी घटना लपविणे अशक्य होते, तरी तिचा तपशील दडविणे शक्य होते. युद्धकालीन नियंत्रणामुळे वार्ताहरांना सविस्तर वृत्ते पाठविण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकात ही हकीकत २२ मे रोजी आली. जपानच्या नियंत्रणाखालील सायगाव नभोवाणीने मात्र स्फोटाचे सविस्तर वृत्त १५ एप्रिल रोजीच प्रक्षेपित केले होते.

पक्षावरून सत्य ठरविण्याची मर्यादा

येथे शत्रूचे केंद्र बोलत होते आणि स्वतःच्या प्रजेला माहिती देण्याची जबाबदारी असलेले सरकार गप्प होते. म्हणून शत्रूची नभोवाणी एरवीही विश्वसनीय होती, असा निष्कर्ष काढता येत नाही. या एका प्रसंगी सत्य आणि प्रचार यांचे हितसंबंध जुळले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

दोन वर्षांपूर्वीचा दुसरा प्रसंग या संदर्भात उद्‌बोधक ठरतो. मार्च १९४२ च्या अखेरीस सुभाषचंद्र बोस विमान अपघातात मृत्यू पावल्याचे वृत्त रॉयटर या ख्यातनाम वृत्तसंस्थेने दिले. महात्मा गांधींनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाची तारही पाठविली. लवकरच ते वृत्त निराधार असल्याचे स्पष्ट झाले आणि बोस यांचा आवाज जर्मनीतील आझाद हिंद नभोवाणीवरून पुन्हा ऐकू आला. म्हणजे एका प्रसंगी प्रतिष्ठित वृत्तसंस्था चुकली आणि शत्रूच्या भूमीवरील केंद्राचे म्हणणे खरे ठरले. वृत्तदात्याची प्रतिष्ठा हा पुराव्याचा एक घटक आहे. ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

अफवा, असंभाव्यता आणि आकडे

स्फोटानंतर हा जपानी हल्ला असल्याचा समज पसरला. तो चुकीचा होता, परंतु निर्बुद्धपणाचा नव्हता. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो व विशाखापट्टणम् येथे आणि डिसेंबर १९४३ मध्ये कोलकात्याच्या गोदीवर जपानी बाँब पडले होते. स्फोटाच्या दिवशी इंफाळ व कोहिमा येथे लढाई चालू होती. चौकशीत मात्र आगीचा उगम कापसाच्या गाठींत असण्याची शक्यता व्यक्त झाली. स्फोटकांखाली कापूस ठेवणे, धोक्याचा लाल बावटा न लावणे, अग्निशमन दलास उशिरा कळविणे अशा चुकांवर बोट ठेवण्यात आले.

याउलट, आकाशातून सोन्याच्या विटा पडल्याची वार्ता ऐकणाऱ्यास निव्वळ दंतकथा वाटावी. ती खरी होती. जहाजावर ३१ पेट्यांत सोने होते आणि स्फोटाने विटा दूरवर फेकल्या गेल्या. गोदीच्या गाळातून पुढे अनेक वर्षे त्या सापडत राहिल्या. तेव्हा संभाव्य वाटणारी वार्ता खोटी आणि असंभाव्य वाटणारी खरी, अशी स्थिती या एकाच घटनेत आढळते.

मृतांच्या संख्येबाबत सुमारे ८०० पासून १,३०० पर्यंतचे अंदाज आहेत. गोदीलगतच्या दाट वस्तीतील बळींची नोंद पूर्ण होणे कठीण होते आणि माहितीवर नियंत्रणही होते. अशा वेळी एकच आकडा ठामपणे सांगण्यापेक्षा दोन्ही मर्यादा देणे अधिक प्रामाणिक ठरते.

स्थानिक साक्षींचे मूल्यमापन

स्फोटाचा आवाज सुमारे ८० किलोमीटरपर्यंत ऐकू गेल्याचे सांगितले जाते. कल्याणलगतची लष्करी छावणी, अंबरनाथ व बदलापूर ही तिन्ही ठिकाणे या वर्तुळात येतात. येथील वृद्धाने 'आवाज ऐकला' असे सांगितल्यास ती साक्ष ग्राह्य मानण्यास हरकत नाही. त्याच साक्षीदाराने 'जपानी विमाने आली' असे म्हटल्यास त्यातून तेव्हाचा समज कळतो, स्फोटाचे कारण कळत नाही. वेळेबाबतही सावधगिरी हवी. युद्धकाळात भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती. त्यामुळे वेळेतील तफावत हा खोटेपणाचा पुरावा होत नाही.

उल्हासनगरबाबत आणखी एक अडचण आहे. ते १९४४ मध्ये अस्तित्वात नव्हते. त्या जागी कल्याण कॅम्प ही छावणी होती. छावणीतील सैनिक युद्धानंतर पांगले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव देण्यात आले. साहजिकच तेथील बहुसंख्य कुटुंबांकडे असलेली स्फोटाची हकीकत ही नंतर ऐकलेली आहे. शहाड, म्हारळ यांसारख्या जुन्या गावांतील किंवा अंबरनाथ-बदलापूरमधील जुन्या रहिवाशांची आठवण प्रत्यक्ष अनुभवाची असू शकते. दोन्ही साक्षी मोलाच्या आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे. मुलाखतीच्या नोंदीत 'पाहिले', 'ऐकले' आणि 'कोणाकडून कळले' हे तीन रकाने स्वतंत्र ठेवल्यास हा भेद टिकेल.

निष्कर्ष

विश्वसनीयतेचा निर्णय वृत्तदात्यागणिक नव्हे, तर विधानागणिक करावा लागतो. प्रत्येक विधानास चार प्रश्न विचारणे आवश्यक आहे : सांगणारा ती गोष्ट जाणण्याच्या स्थितीत होता काय, ती सांगण्यात वा दडविण्यात त्याचे हित काय होते, स्वतंत्र साधन तिला दुजोरा देते काय, आणि ते साधन खरोखर स्वतंत्र आहे की मूळ वार्तेचीच पुनरुक्ती आहे. मौनाचीही अशीच चिकित्सा व्हावी, कारण १९४४ मध्ये अफवांना वाव अधिकृत मौनानेच दिला. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडलेले आहे. या परिसरातील महाविद्यालयांनी प्रत्यक्ष साक्षींची नोंद आताच केली नाही, तर यापुढे केवळ ऐकीव माहितीच हाती उरेल.