महिदपूरचा दोष कोणाचा?

२१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्राकाठी महिदपूर येथे होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला. ‘पठाणांनी घात केला’ असे आम्ही घरोघरी ऐकत आलो. त्याला आधार नाही असे नव्हे. गफूरखानाने रण सोडल्याचा आरोप आहे, आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने त्याला जावऱ्याची जहागीर लाभली. परंतु त्याच रणात तोफखाना रोशन बेगच्या हुकमतीखाली होता, आणि गोलंदाज तोफांपाशीच लढत मरण पावले, हे आम्ही सांगावयाचे विसरलो. आदल्या दिवशी तुळसाबाईंचा वध झाला, तोही आपल्याच छावणीत. दरबारातील फूट कोणा एका जातीची नव्हती.

क्रोएशियात १९९१ ते १९९५ या काळात क्रोएट व सर्ब शेजारी परस्परांशी लढले. दुसऱ्या महायुद्धातील कत्तलींच्या आठवणी तेव्हा दोन्हीकडून चेतविल्या गेल्या. त्या आठवणी खोट्या नव्हत्या, अपुऱ्या होत्या. माळव्यात आम्ही फौजेबरोबर आलो आणि शेजारी म्हणून राहिलो. म्हणून नातवंडांना महिदपूर सांगताना गफूरखानाबरोबर रोशन बेगचेही नाव घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.