ईस्टर लिली : एका बेटावरील फुलाची हरवलेली ओळख

प्रस्तुत लेखात ‘ईस्टर लिली’ या नावाने पाश्चात्त्य बाजारपेठेत ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या फुलाच्या इतिहासाचा विचार केला आहे. व्यापारी नावामुळे वनस्पतीची मूळ भूमी कशी विस्मरणात जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

लिलियम लाँगिफ्लोरम ही वनस्पती मूळची जपानच्या दक्षिणेकडील रयुक्यू बेटांची व तैवानची. समुद्रकाठच्या प्रवाळी चुनखडकांत ती वाढते. १७७५-७६ मध्ये जपानात राहिलेल्या कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. युरोपीय चित्रांत मेरीच्या समवेत दिसणारी लिली ही नव्हे. ती लिलियम कॅन्डिडम, आणि तिची चित्रे थुनबर्गच्या कितीतरी आधीची आहेत. या दोहोंना एकच मानण्याचा प्रमाद आजही आढळतो.

एकोणिसाव्या शतकात हे कंद अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटावर पोहोचले. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाचे पुष्पव्यावसायिक विल्यम हॅरिस यांनी तेथील कंदांचा ‘लिलियम हॅरिसी’ या नावाने प्रसार केला. वास्तविक ही नवी जाती नव्हतीच. तरीही ‘बर्म्युडा लिली’ हे नाव रूढ झाले आणि रयुक्यूचा उल्लेख मागे पडला. शतकाच्या अखेरीस रोगाने तेथील पीक खालावले. कंदाच्या खवल्यांपासून लागवड केली असता मातृकंदातील विषाणू पुढील पिढीतही उतरतात. बियांपासून केलेल्या लागवडीत हा धोका बराच कमी असतो. त्यानंतर व्यापार जपानकडे वळला. १९४१ मध्ये युद्धामुळे तोही थांबला, तेव्हा लुई हॉटन यांनी १९१९ मध्ये ओरेगॉनच्या किनाऱ्यावर पेटीतून आणलेल्या कंदांच्या वंशजांना एकाएकी मोल आले.

फूल ईस्टरलाच उमलावे, यासाठी कंदांना सुमारे १००० तास थंडावा दिला जातो. सणाची तारीख मात्र २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान बदलते. त्यामुळे बागाईतदार पाने मोजून तापमान कमी-अधिक करतात. बेटावरील ऋतुचक्राशी या फुलाचा संबंध येथे जवळजवळ तुटतो.

ओळखीचा प्रश्न अभ्यासकांनाही चकवतो. तैवानच्या लिलियम फॉर्मोसॅनमची पाने अरुंद असतात आणि फुलाच्या बाहेरील अंगावर बहुधा जांभळट-तपकिरी छटा असते. लाँगिफ्लोरमची पाने रुंद व फूल शुभ्र असते. फॉर्मोसॅनम बियांपासून वर्षभरातही फुलते. आपल्या फुलबाजारात जुड्यांनी मिळणारी ‘लिली’ तर निराळ्याच कुळातील असून तिचा फुलदांडा पर्णहीन असतो. लाँगिफ्लोरमच्या खोडावर मात्र फुलापर्यंत पाने असतात.

रयुक्यू द्वीपमालेतील ओकिनोएराबू या बेटावर हे फूल आजही पिकवले जाते. तेथे त्याला बेटाच्याच नावावरून ‘एराबू युरी’ म्हणतात; ‘युरी’ म्हणजे लिली.