तळटीप : बिशप हीबर आणि वसईचा किल्ला

१२. बिशपसाहेब : रेजिनाल्ड हीबर (१७८३–१८२६), कोलकात्याचे दुसरे अँग्लिकन बिशप. १८२५मध्ये ते वसईस थांबले. तटबुरूज शाबूत, पण आत मनुष्यवस्ती नाही. पडकी घरे, मोडकळीला आलेली चर्चे आणि बऱ्या स्थितीतले एक लहानसे देऊळ, असे चित्र त्यांनी रोजनिशीत टिपले. ही चर्चे पोर्तुगीज काळातली, रोमन कॅथलिक पंथाची. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यानंतर या चर्चांची वाताहत होत गेली.

रोजनिशीतल्या बऱ्याचशा नोंदी हीबर यांनी पत्नी अमेलिया यांच्यासाठीच लिहिल्या. ३ एप्रिल १८२६ रोजी तिरुचिरापल्लीला हीबर यांचे आकस्मिक निधन झाले. अमेलिया यांनी ते कागद नीट लावून १८२८मध्ये लंडनला छापून घेतले, म्हणून वसईचे हे वर्णन आज आपल्या हाती आहे.

मात्र ओसाड होता तो किल्ला, वसई नव्हे. तटाबाहेर पापडी, सांडोर, नंदाखाल परिसरात ख्रिस्ती समाज तेव्हाही नांदत होता. वाचकांनी हीबर यांचे वर्णन किल्ल्यापुरतेच घ्यावे.