सेंट झेवियर्स कॉलेज : इतिहास, मूल्यं आणि गावाकडच्या मुलांनी माहीत करून घ्यावं असं काही

जयसिंगपूर : महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरतो. तिथून चालत थोड्याच अंतरावर महापालिका मार्गावर एक जुनी दगडी इमारत दिसते. हेच सेंट झेवियर्स कॉलेज. नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, पण "ते ख्रिश्चन लोकांचं कॉलेज, तिथं आपल्या पोरांचं काय काम?" असं म्हणून शिरोळ, हातकणंगल्याकडची बरीच घरं तिकडे बघतच नाहीत. हे कॉलेज कुणी काढलं, तिथं काय काम झालं आणि तिथं कोण शिकू शकतं, याची ही माहिती.

दोन विद्यार्थ्यांपासून सुरुवात

जानेवारी १८६९ मध्ये हे कॉलेज सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी होते फक्त दोन. ते चालवणारे होते जर्मनीहून आलेले येशू संघाचे, म्हणजे जेझुइट, फादर. येशू संघ हा कॅथलिक पंथातला धर्मगुरूंचा संघ. १५४० मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली. शाळा-कॉलेज चालवणं हे या संघाचं जगभरातलं मुख्य काम. कॉलेजला नाव दिलं ते याच संघाच्या संत फ्रान्सिस झेवियर यांचं. ते १५४२ मध्ये गोव्यात आले होते आणि त्यांचं शव आजही जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे.

पहिल्या महायुद्धात कॉलेजवर मोठं संकट आलं. इंग्रजांचं जर्मनीशी युद्ध सुरू होतं, त्यामुळे सरकारने जर्मन फादरांना आधी नजरकैदेत ठेवलं आणि मग मायदेशी धाडलं. शिकवणारेच गेले, तरी कॉलेज बंद पडलं नाही. उरलेल्यांनी ते सांभाळलं आणि पुढे १९२० नंतर स्पेनमधले जेझुइट मदतीला आले.

डोंगरात फिरणारे फादर

फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे कॉलेजचे प्राचार्य. सह्याद्रीत पायी फिरून झाडं-झुडपं गोळा करायची, वाळवून कागदावर चिकटवायची आणि त्यावर नाव, ठिकाण, तारीख लिहायची, असं त्यांचं काम. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ चं. त्यात लाखाहून जास्त नमुने आहेत. कुठल्या भागात कोणती वनस्पती होती आणि आता ती आहे की नाही, हे तपासायला आजही अभ्यासक तिथं जातात.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली तरुणपणी व्यापाराचं शिक्षण घेत होते. प्राणिशास्त्र शिक, असं त्यांना सांगणारे हेच फादर ब्लॅटर. ब्लॅटर यांच्यानंतर फादर सांतापाव यांनी हे काम पुढे नेलं. खंडाळा आणि पुरंदर भागातल्या वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिले. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सापाच्या विषावर जडीबुटी चालते का?

हा प्रश्न प्रत्येक गावाचा आहे. फ्रेंच जेझुइट फादर कायुस आणि मराठी डॉक्टर म्हसकर या दोघांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेत त्याची तपासणी केली. सर्पदंशावर देशभरात वापरल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती त्यांनी प्रयोगात घेतल्या. १९३१ मध्ये निष्कर्ष छापला : यातली एकही विषावर उतारा ठरत नाही.

हे दोघं जडीबुटीचे विरोधक होते असं नाही. डॉ. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या प्रसिद्ध ग्रंथाची दुसरी आवृत्ती ब्लॅटर, कायुस आणि म्हसकर या तिघांनीच तयार केली. वनस्पतींवर प्रेम होतं, पण जे चालत नाही ते चालत नाही म्हणून सांगितलं. साप चावला तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, हा धडा आजही तितकाच खरा आहे. कायुस यांच्या नावाची प्रयोगशाळा कॉलेजात आहे.

इतिहासाच्या बाजूला फादर हेरास यांचं नाव येतं. ते १९२२ मध्ये स्पेनहून आले आणि १९२६ मध्ये त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहासाची संशोधन संस्था सुरू केली. आज ती हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. १९८१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

कॉलेजची मूल्यं

कॉलेजचं ब्रीद लॅटिन भाषेत आहे. अर्थ साधारण असा : उडायला प्रवृत्त करणारा. बायबलमध्ये गरुड आपल्या पिल्लांना उडायला लावतो, त्यावरून ते घेतलं आहे. पोराला आयतं भरवायचं नाही, पंख वापरायला लावायचं, असा त्याचा भाव.

दुसरं मूल्य सेवेचं. पदवीच्या विद्यार्थ्याला पुस्तकी अभ्यासाशिवाय ठरावीक तास समाजात जाऊन काम करावं लागतं. २००३ मध्ये कॉलेजने अंध आणि कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खास केंद्र सुरू केलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिथं शिकता येतं. २०१० मध्ये कॉलेजला स्वायत्तता मिळाली. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची.

ख्रिश्चन नसलेल्यांना प्रवेश मिळतो का?

मिळतो. सुनील गावसकर आणि उस्ताद झाकीर हुसेन हे याच कॉलेजचे विद्यार्थी. पण कायदा नीट समजून घ्यायला हवा.

• राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याक समाजाला आपली शिक्षणसंस्था काढून चालवता येते. त्यामुळे काही जागा त्या समाजासाठी असतात, बाकीच्या इतर सर्वांसाठी.

• कलम २९ नुसार सरकारी अनुदान घेणारी संस्था केवळ धर्म, जात किंवा भाषा यावरून प्रवेश नाकारू शकत नाही.

• कलम २८ नुसार सरकारमान्य संस्थेत संमतीशिवाय कुणालाही धर्मशिक्षण किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. विद्यार्थी लहान असेल तर पालकांची संमती लागते.

• कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. म्हणून इतर कॉलेजांत मिळतं तसंच जातनिहाय आरक्षण इथंही मिळेल असं धरून चालू नये. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचावं. ते कॉलेजच्या अधिकृत वेबसाइटवर असतं.

एका समाजाने संस्था काढायची आणि तिचा उपयोग सगळ्यांना व्हायचा, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. ज्यांच्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसलं, त्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, ख्रिश्चन अशा वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिलं. त्यातून खेड्यातली पोरं शिकली.

दोन विद्यार्थ्यांवर सुरू झालेलं हे कॉलेज दीडशे वर्षं ओलांडून गेलं आहे. बारावीचे मार्क चांगले असतील आणि मुंबईत राहण्याची सोय होत असेल, तर "आपलं काय काम" असं म्हणून अर्जच न भरणं हे मुलांचं नुकसान आहे. निदान माहितीपत्रक तरी वाचून बघावं.