तळटीप १४ : ‘पाच तबकड्यांचा गॉडफादर’
१४. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ‘द गॉडफादर’ चित्रत्रयीचा (१९७२, १९७४, १९९०) पॅरामाउंटने ऑक्टोबर २००१मध्ये काढलेला डीव्हीडी-संच. चित्रपट तीन असून तबकड्या पाच, कारण ३ तास २० मिनिटांचा दुसरा भाग दोन तबकड्यांत विभागला होता. पाचवीवर निर्मितीविषयक पूरक साहित्य. लेखक पुढे ‘उजळलेली प्रत’ म्हणतात ती मात्र ही नव्हे. मूळ निगेटिव्ह पार झिजल्यामुळे रॉबर्ट हॅरिस यांनी पहिल्या दोन भागांची दुरुस्ती केली, तो संच २००८चा. त्यासाठी छायालेखक गॉर्डन विलिस यांचा सल्ला घेतला होता. म्हणूनच डॉन कॉर्लिओनेच्या खोलीतला, डोळे नीट दिसू न देणारा काळोख त्यात शाबूत राहिला, आणि ते बरेच झाले. कथा कालक्रमाने लावलेली दूरचित्रवाणी आवृत्ती (१९७७) दोन्ही संचांत नाही.