साल काढणारं आम्ल

पायाला कुरूप झालं की सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावात मेडिकलवरून कॉर्न कॅप आणली जाते. चिकटपट्टीच्या मधोमध औषधाची छोटी गोल चकती. आत काटा मोडून राहिलाय, अशी बहुतेकांची समजूत असते. खरं तर एकाच जागी सतत दाब पडून, घासून कातडं दडदडीत झालेलं असतं. दोन-तीन दिवसांनी पट्टी काढली की ते पांढरंफटक, मऊ पडलेलं दिसतं. कोमट पाण्यात पाय बुडवून खरवडलं की थर सुटून येतो. ही करामत सॅलिसिलिक आम्लाची. चकतीत त्याचं प्रमाण साधारण 40 टक्के असतं, म्हणून मधुमेह असलेल्यांनी ती स्वतःहून लावू नये. मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ चेहऱ्यावर जे केमिकल पील करतात, त्यातही बरेचदा हेच आम्ल असतं, 20 ते 30 टक्के, अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं.

या आम्लाचं मूळ झाडाच्या सालीत आहे. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाचे युरोपातले भाऊबंद म्हणजे विलोची झाडं. त्यांच्या सालीतून मिळणाऱ्या सॅलिसिनपासून राफाएले पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 1838 मध्ये हे आम्ल तयार केलं. पुढे जर्मनीत हेरमान कोल्बेने ते फिनॉलपासून बनवण्याची रीत बसवली आणि 1874 पासून ते कारखान्यात निघू लागलं. स्वस्त झालं, तसं ते कातडीच्या दुखण्यांवरही आलं. हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी 1882 मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल त्वचेवर काय करतात याचं वर्णन केलं. आजच्या पीलच्या टेबलावरच्या बऱ्याच बाटल्या त्या चौघांच्याच घरातल्या. पुढे मॅक्स जेस्नर यांचं मिश्रण आलं: सॅलिसिलिक, रिसॉर्सिनॉल आणि लॅक्टिक आम्ल प्रत्येकी 14 ग्रॅम, अल्कोहोल घालून 100 मिलिलिटर.

मुरमांवर सॅलिसिलिक का चालतं? ते तेलात विरघळतं. मुरूम उठतो तो तेलाच्या बारीक छिद्रात मेलेल्या पेशींचा बूच बसल्यामुळे. पाण्यात विरघळणारी आम्लं तिथे वरवर राहतात, हे मात्र तेलातून आत उतरतं आणि पेशींना एकमेकींशी जखडणारे दुवे सैल करतं. लावल्यावर काही मिनिटांत चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. ती जळलेली कातडी नसते. अल्कोहोल उडून गेल्यावर मागे राहिलेले आम्लाचे स्फटिक असतात.

पाण्यात विरघळणाऱ्या आम्लांपैकी ग्लायकोलिक उसाच्या रसात सापडतं, लॅक्टिक दह्यात. बाटलीतलं ग्लायकोलिक मात्र बहुतेक कारखान्यात बनवलेलं असतं. या दोघांचा खरा मान 1974 मधला. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी ही फळा-दुधातली आम्लं माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या, जन्मजात आजाराच्या रोग्यांवर वापरून दाखवली. गोरेपणाचा तिथे प्रश्नच नव्हता. खवले उतरावेत एवढीच धडपड होती. ग्लायकोलिकचा रेणू लहान, म्हणून झपाट्याने आत जातो. डॉक्टर घड्याळ लावून बसतात आणि वेळ झाली की सोड्याच्या पाण्याने त्याचा जोर मोडतात.

सगळ्यात खोल जाणाऱ्या पीलमध्ये आपला जमालगोटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वैद्य या बिया दुधात उकळून, आतली जिभली काढून जुलाबासाठी वापरत आले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत थॉमस बेकर यांनी फिनॉलच्या मिश्रणात त्याच बियांच्या तेलाचे तीन थेंब घातले. पुढची कित्येक वर्षं सगळं श्रेय फिनॉलला मिळत राहिलं. 2000 मध्ये ग्रेगरी हेटर यांनी दाखवून दिलं की पील किती खोल जाणार, हे मुख्यतः त्या थेंबांवर ठरतं. फिनॉलने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून हे काम हृदयावर नजर ठेवूनच करतात.

आपल्या सावळ्या कातडीला असलं खोल पील मानवत नाही. जरा जास्त भाजलं की तिथे रंगद्रव्य साचतं आणि मुरूम जाऊन काळा डाग उरतो. म्हणून इथे हलकं आम्ल, दोन-चार आठवड्यांच्या अंतराने, हाच शहाणपणाचा मार्ग. घरी लिंबू चोळून उन्हात जाणं तर फारच वाईट: लिंबाच्या सालीतली द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात आणि तो डाग महिनोन् महिने हटत नाही.

पीलनंतरचे काही दिवस ऊन टाळावंच लागतं. वांगासाठी परभणीला दवाखान्यात आलेल्या बाईला दिवाळीनंतर रोज रानात कापूस वेचायचा असेल, तर डॉक्टरांनी बाटली उघडण्याआधी ते विचारलं पाहिजे आणि वेचणी संपल्यावरची तारीख दिली पाहिजे.